चिऊचा डावा गाल

पलीकडच्या वहिनींच्या नातीचा गाल फुटला आणि आमच्या कॉलनीला ऐन थंडीत विषय मिळाला. एरवी या दिवसांत बोलणं असतं ते पाऱ्याचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की दुसऱ्या दिवशी पेपरात निफाडचं नाव येतं, पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून ‘गारठलात का’ विचारतात आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्री जागवतात. यंदा पारा मागे पडला, चिऊचा गाल पुढे आला.

चिऊ पाच महिन्यांची. वहिनींची लेक, ताई, पहिल्या बाळंतपणाला आली ती अजून इथेच आहे. का आहे ते मला विचारू नका. जावई दर शनिवारी येतात, म्हणजे तसलं काही नसावं. तर एक दिवस मी अंगणात वाळवण सारखं करत होते, तेवढ्यात वहिनी नातीला घेऊन कुंपणाशी आल्या.

“सिस्टर, हा गाल बघा हो. रात्री बरा होता, सकाळी उठून बघते तर असा!”

मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झाले, पण कॉलनीने मला निवृत्त केलेलं नाही. चष्मा पुसून बघितलं. गाल तांबडा, हाताला खरखरीत, वर कोंड्यासारखे पापुद्रे आणि ओठाच्या कोपऱ्याशी केसाएवढ्या चिरा. उजवा गालही कोरडा होता, पण डावा फारच. पोर मात्र खुशीत. अख्खी मूठ तोंडात घालून लाळेचे फुगे काढत होती. आणि ‘रात्री बरा होता’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय. गाल एका रात्रीत फुटत नाही हो. लक्ष जातं ते एका सकाळी.

“काय काय लावलंत?” मी विचारलं.

“काही विशेष नाही. साय लावली.”

“आणि?”

“सायीत चिमूटभर हळद.”

“आणि?”

वहिनींनी पदर सारखा केला. “न्हाऊ घालायला येतात ना मावशी, त्या म्हणाल्या मसुराचं पीठ दुधात कालवून चोळा, कातडी मऊ होते. ते आपलं दोनदाच. मग पुण्याच्या आत्याबाईंनी ऑलिव्ह ऑइल आणलं होतं. एवढी महागाची बाटली, वाया कशी घालवायची? अंगावरचं दूध तर लावलंच, ते काय विकत आणायचंय. आणि काल मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय. ती अजून फोडली नाही.”

एवढासा गाल. कशाकशाला तोंड देणार!

खरं सांगते, बाळाचा गाल ही आपल्याकडे सार्वजनिक मालमत्ता आहे. रस्त्याने जाणारा माणूस तुमच्या भिंतीला हात लावायचा नाही, पण तान्ह्याचा गाल ओढल्याशिवाय पुढे जायचा नाही. आणि जो ओढतो तो जाता जाता एक उपायही सांगून जातो. घरातल्या बाईला कुणाला दुखवायचं नसतं, म्हणून ती सगळ्यांचं थोडं थोडं ऐकते. वहिनींचं तेच झालं होतं.

“आधी मला एक सांगा,” मी म्हटलं, “दिवसातून किती वेळा पुसता हिचं तोंड?”

“किती म्हणजे? लाळ गळली की पुसते. सारखी गळते हो. दात येताहेत वाटतं. ताईने ते ओल्या पुसण्यांचं पाकीट ठेवलंय, वास छान येतो. आणि जवळ काही नसलं तर आपला पदर आहेच.”

इथे मला अर्धा गुन्हेगार सापडला. तीन-चार महिन्यांपासून बाळाला लाळ भरपूर सुटायला लागते; दात दिसायला अजून महिने असतात. लाळेत अन्न पचवणारा रस असतो. गाल-हनुवटी सतत त्यात भिजत राहिली की कातडी झोंबते. वाळताना ही लाळ कातडीतला ओलावाही घेऊन उडते. त्यात बाळाच्या कातडीचा वरचा थर मोठ्या माणसाच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी पातळ असतो, आतलं पाणी धरून ठेवायची ताकद कमी. ती ताकद यायला पहिलं वर्ष तरी जातं. बाहेर निफाडची कोरडी थंडी, घरात खोली तापवणारा हीटर, आणि वर दर दहा मिनिटांनी पदराने खसाखसा पुसणं. वासाच्या पुसण्या म्हणजे तर फुटलेल्या गालावर अत्तर चोळल्यासारखं. पोर रडत नाही म्हणून आपल्याला वाटतं तिला चालतंय.

“म्हणजे पुसायचंच नाही?” वहिनी चकित. “मग लोक म्हणतील आजीला पोर सांभाळता येत नाही.”

“पुसायचं नाही, टिपायचं. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घ्या, कोमट पाण्यात बुडवून पिळा, गालावर नुसता ठेवा, उचला. मग कोरड्या तुकड्याने तसंच. घासायचं नाही. आणि गाल ओलसर आहे तोवरच त्यावर स्निग्ध काहीतरी पातळ लावून टाकायचं, म्हणजे आतला ओलावा आत राहतो. वाळल्यावर लावलं तर कोरडेपणावरच झाकण घातलं जातं.”

एवढ्यात भाऊ, म्हणजे चिऊचे आजोबा, बागेतून आले. अंगावर घोंगडीसारखी जाड लोकरीची शाल, दाढी पंधरवड्याची. माल गाडीत भरला जाईपर्यंत दाढी करायची नाही असा त्यांचा नेम आहे. नवस वगैरे नाही म्हणतात, पण मागे एका वर्षी दाढी केली आणि त्याच आठवड्यात बांगलादेशाकडे जाणारा माल अडकला, तेव्हापासून हे चालू आहे. आल्या आल्या त्यांनी वहिनींच्या हातून नात घेतली, डाव्या खांद्यावर टाकली आणि दोन मुके घेतले. चिऊने शालीत तोंड घासलं. शालीवर लाळेचा ओला डाग पडला, त्यावर पुन्हा गाल.

मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे.

“भाऊ,” मी म्हटलं, “तुम्ही हिला नेहमी याच खांद्यावर घेता का हो?”

“उजवा दुखतो माझा. फवारणीचा पंप उचलून उचलून गेलाय तो.”

झालं. डाव्या गालाचं कोडं सुटलं. तोंड बाहेरच्या बाजूला असलं की लोकर लागते, मानेकडे वळलं की दाढी. वहिनींनी तिथल्या तिथे नवऱ्याला झापायला सुरुवात केली. भाऊंना अर्थातच पटलं नाही. आमच्या आजीने आम्हाला घोंगडीवरच वाढवलं, काय झालं आम्हाला, वगैरे. पुरुष माणसाला कातडीचं शास्त्र सांगून उपयोग नसतो, त्याच्या शेतातलं सांगावं लागतं.

“भाऊ, मागे आम्ही बाग बघायला आलो होतो, तेव्हा तुम्ही आम्हाला घडाला हात का लावू दिला नव्हता?”

“हात लावला की मण्यावरची पांढुरकी झाक जाते. मग माल जुना दिसतो, व्यापारी भाव पाडतो.”

“मग नातीच्या गालावरची झाक तुम्ही दाढीने काढताय, तिचं काय?”

भाऊंनी गुपचूप शाल काढून कुंपणाच्या तारेवर टाकली आणि आत जाऊन धुतलेलं सुती उपरणं खांद्यावर घेऊन आले. दाढीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

आता ‘स्निग्ध काहीतरी’ म्हणजे काय, यावर कुंपणाची परिषद भरली. कारण मागच्या गल्लीतल्या कुडाळच्या काकू येऊन थांबल्या होत्या. काकूंना या कॉलनीत येऊन अर्धा जन्म झाला, पण थंडीला त्या अजून ‘तुमची थंडी’ म्हणतात.

मी आपलं साधं सांगितलं: बिनवासाची, बिनरंगाची पेट्रोलियम जेली. स्वस्त, कुठेही मिळते, कातडीतून उडून जाणारं पाणी तिच्याइतकं कुणी अडवत नाही.

“पेट्रोल?” वहिनी दचकल्या. “तान्ह्या पोरीच्या तोंडाला रॉकेलच्या घराण्यातलं लावायचं?”

प्रश्न तसा चुकीचा नाही. हे खरोखर तेलविहिरीवरच सापडलेलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल नावाचं गाव आहे. तिथे १८५९ मध्ये खनिज तेल लागलं. तेल उपसणाऱ्या यंत्राच्या दांड्यांवर मेणासारखा काळा चिकट थर साचायचा, यंत्र बंद पाडायचा. कामगार त्याला शिव्या घालायचे, पण हाताला कापलं-भाजलं की तोच थर लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाचा एक तरुण रसायनतज्ज्ञ तिथे गेला होता. त्याने तो काळा गाळ घरी नेला, गाळून-गाळून पांढरा केला आणि १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. व्हॅसलीन ती हीच. हा माणूस रोज चमचाभर जेली खायचा म्हणे आणि ९६ वर्षं जगला. खाण्याचा सल्ला मी देत नाही. पण औषधी दर्जाची शुद्ध जेली बाळाच्या कातडीला चालते हे नक्की, कारण तिच्यात झोंबण्यासारखं काही उरलेलंच नसतं. वासाची, बाळाचा हसरा फोटो असलेली पातळ लोशनं त्या मानाने जास्त त्रास देतात; त्यांत पाणी जास्त, म्हणून टिकवायला रसायनं जास्त, म्हणून फुटलेल्या जागी चरचर जास्त. फोटोतल्या बाळाचा गाल फुटलेला नसतो, हे लक्षात ठेवावं.

“बोट घालून घालून डबी घाण करू नका,” मी वहिनींना सांगितलं. “स्वच्छ चमच्याने काढा. नाकपुडीत नको, तोंडात नको. आणि थापायचं नाही. पातळ हात, पण दिवसातून पाच-सहा वेळा. दूध पाजायच्या आधी, बाहेर न्यायच्या आधी, निजवायच्या आधी.”

आधी हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक जणी गाल खराब झाल्यावर लावतात. लाळ आणि दूध गालावर यायच्या आधी थर असला की ती वरच्या वर घसरतात.

काकूंचा संयम सुटला. “गो बाय, एवढं अमेरिकेत कशाला जायचं? माझ्याकडे भिरंडेल आहे की.”

आणि त्या घरी जाऊन घेऊन आल्या. लिंबाएवढा पिवळसर पांढरा गोळा, दगडासारखा टणक. वहिनींना वाटलं साबण आहे. नाशकाकडच्या माणसाला कोकम माहीत असतं ते आमटीतलं आणि उन्हाळ्यातल्या सरबतातलं. कोकमाच्या बीचं तेल निघतं आणि ते थंडीत असं गोठतं, हे इथे फारसं कुणाला ठाऊक नाही. रत्नागिरीकडे त्याला मुठेलही म्हणतात.

काकूंनी मग ते कसं काढतात ते सांगितलं आणि त्या बोलताना मी मध्ये तोंड घातलं नाही. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, झाडाखाली पिकलेली फळं गोळा करायची. साल आमसुलासाठी वेगळी, ती रसात भिजवून उन्हात घालायची. बिया धुऊन राखेत चोळायच्या, म्हणजे चिकट गर सुटतो, मग कडक वाळवायच्या. पावसाळ्यात बाहेरची कामं बंद झाली की घरात बसून त्या फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि मोठ्या टोपात पाण्यात उकळत ठेवायचा. तेल वर तरंगतं. ते निवळून घ्यायचं. निवलं की साय धरल्यासारखं घट्ट होतं, तेव्हा हाताने गोळे वळायचे. “आमच्या आवाठात घराघरात असायचं. टाचेच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना, चटका बसला तर चटक्यावर. माझ्या आईने जेवणात पण घातलंय, तेलाची ओढाताण असायची तेव्हा.” आता गोळा वळणाऱ्या बायका कमी झाल्या आणि कारखान्यातलं दाबून काढलेलं कोकमतेल साबण-मलमांत जातं. भाचा गावाहून येताना चार गोळे आणतो. ते काकू साखरेच्या डब्यात लपवून ठेवतात, हे मला तेव्हाच कळलं.

भिरंडेल खरंच चांगलं. त्यातली चरबी अंगाच्या उबेने जेमतेम वितळते, म्हणून गालावर धरून राहते, ओघळत नाही. निफाडच्या थंडीत तर ते खोबरेल तेलाच्या पुढचं. आमच्याकडे खोबरेल तेलाची बाटलीच डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उन्हात ठेवावी लागते. पण मी काकूंना दोन अटी घातल्या. एक, आधी पोरीच्या मांडीवर रुपयाएवढ्या जागी लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. दोन, ओठाच्या कोपऱ्याशी जिथे चिरा पडल्यात तिथे आत्ता नको, घरगुती गोळ्यात राखेचा-धुराचा कण असू शकतो. त्या चिरा मिटेपर्यंत तिथे जेलीच. काकू जरा हिरमुसल्या. पण चमचा गरम पाण्यात बुडवून त्याच्या पाठीवर गोळा घासायचा आणि बोटावर घ्यायचा, ही युक्ती त्यांनीच दाखवली.

“मग आमचं शेंगदाण्याचं तेल काय वाईट?” वहिनींनी विचारलं. “घाण्यावरून ताजं आणलंय.”

फोडणीला वाईट नाही. फुटलेल्या गालाला नको. खायच्या पदार्थाची पहिली ओळख शरीराला पोटातून व्हावी. ती फुटलेल्या कातडीतून झाली तर शरीर त्याला शत्रू समजून बसण्याची शक्यता असते. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या मुलांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शेंगदाण्याची ॲलर्जी आणि लहानपणी खाजऱ्या, लाल कातडीला लावलेली शेंगदाणा तेलाची मलमं यांचा संबंध दिसला होता. म्हणून साय, दूध, मसूर, बेसन, बदाम, सगळंच गालावरून उतरवून स्वयंपाकघरात परत पाठवा म्हटलं. डाळीच्या पिठाने तर वर घासलंही जातं. ऑलिव्हच्या तेलाबद्दल आत्याबाईंना वाईट वाटेल, पण मोठ्या माणसांच्या कातडीवरसुद्धा ते तिचा वरचा थर सैल करतं असं दिसलंय, सूर्यफुलाचं तेल त्या मानाने बरं. बाटली कोशिंबिरीत संपवा आणि आत्याबाईंना काही सांगू नका. आणि मध कुणी सुचवला तर ओठालासुद्धा लावू द्यायचा नाही, वर्ष पुरं होईपर्यंत. मधातल्या जंतूंचे बीज तान्ह्याच्या आतड्यात रुजून पोर लुळी पडू शकते. हा एक मुद्दा मी हसत सांगत नाही.

तोवर न्हाऊ घालणाऱ्या मावशी आल्याच. त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे जपून. त्यांचा हात या गावात तीन पिढ्यांवरून फिरलाय. मी त्यांना म्हटलं, “मावशी, अंग चोळा, टाळू भरा, हातपाय ताणा, सगळं करा. तोंडाला फक्त पाणी लावा, पीठ-साबण काही नको. पाणी कढत नको. कोपर बुडवून बघा, कोपराला गरम लागलं तर जास्त आहे. आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर काढा.”

“एवढ्यात काय पोरगं न्हाऊन होतंय?” मावशी म्हणाल्या. “आणि धुरी? ओवा-वावडिंगाची धुरी नाही दिली तर सर्दी भरेल.”

धुरीवर आमचं जमलं नाही. धुराने छातीला त्रास होतो आणि शेगडीच्या धगीने गाल आणखी वाळतो, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि ओव्याची पुडी कनवटीलाच ठेवली. मी गेल्यावर काढली असेल. ताईला मात्र मी डोळ्यांनी खुणावून ठेवलंय.

आता ती ट्यूब. वहिनींनी आतून आणून दाखवली. डबीवरची बारीक अक्षरं वाचायला मला भिंग लागलं. तीन औषधं एकत्र: बुरशीचं एक, जंतूंचं एक, आणि क्लोबेटासोल. हे शेवटचं म्हणजे जबरदस्त ताकदीचं स्टिरॉइड. टाचेच्या जाड कातडीला जे डॉक्टर मोजून देतात, ते पाच महिन्यांच्या गालाला. लावलं की दोन दिवसांत गाल गुळगुळीत, आणि मेडिकलवाला देव. बंद केलं की आधीपेक्षा लाल. मग पुन्हा लाव. असं करत करत कातडी इतकी पातळ होते की आतल्या शिरा दिसायला लागतात, आणि तान्ह्याच्या बाबतीत ते औषध रक्तातही उतरतं. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी ट्यूब अशी काउंटरवरून सरकते.

“पण तो म्हणाला, माझ्या पुतणीला हीच लावली,” वहिनी म्हणाल्या.

“मग पुतणीचा गाल बघून या.”

कॉलनीत कुणी कुणाचा शत्रू नाही, म्हणून दुकानाचं नाव मी इथे घेत नाही. पण मी स्वतः जाऊन ती ट्यूब परत दिली, आणि येताना जेलीची डबी आणि पावती दोन्ही घेऊन आले. स्टिरॉइड वाईटच असतं असं नव्हे हं. बालरोगतज्ज्ञ कधी कधी सौम्य मलम चार दिवस देतात आणि ते लागतंच. आपल्या मनाने लावायचं नाही, एवढंच.

तेव्हाच ताई बाहेर आली. पोरीची आई, पण या सगळ्या चर्चेत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “सिस्टर, मला वेगळीच भीती वाटते. ह्यांना लहानपणी दमा होता. हे इसब तर नसेल?”

बघा, नेमका प्रश्न तिचाच. घरात दमा, शिंका, इसब असेल तर बाळाला इसब व्हायची शक्यता वाढते, आणि ते सुरूही गालापासूनच होतं, साधारण दोन ते सहा महिन्यांत. फरक कसा ओळखायचा? थंडीने फुटलेला गाल कोरडा असतो, झोंबतो, पण बाळ झोपतं. इसब खाजतं. बाळ गाल पांघरुणावर घासतं, रात्री दचकून उठतं, कपाळावर, टाळूवर, हातापायांच्या बाहेरच्या अंगालाही चट्टे येतात, कधी त्यातून पाणी सुटतं. मी ताईकडून चिऊचं झबलं वर करून घेतलं. पोट, पाठ, कोपरं, सगळं लोण्यासारखं. खाजही नाही. म्हटलं, आठवडाभर बघू. सुधारलं नाही, चट्टे पसरले, मधासारखी पिवळी खपली धरली, पाण्याचे फोड आले, ताप आला, किंवा पोर प्यायला कंटाळली, तर मला दाखवायला कुंपणाशी येत बसायचं नाही, थेट डॉक्टर. पाण्याच्या फोडांना तर त्याच दिवशी. ओठावर ज्वर उठलेल्या माणसाने बाळाचा मुका घेतला तर तो विषाणू तान्ह्याला भलताच महागात पडतो.

“आणि समजा इसब निघालं तर?” ताईने विचारलं.

“तरी घाबरायचं नाही. बऱ्याच पोरांचं मोठं होता होता कमी होतं. डॉक्टर औषध देतील ते द्यायचं, आणि हेच सगळं, टिपणं नि चोपडणं, आणखी नेटाने करायचं.”

पुढच्या दिवसांचा हिशेब वहिनींनी मला रोज कुंपणावरून दिला, मी विचारत नसतानाही. वासाच्या पुसण्या बंद. जुनी वायल साडी फाडून चौकोनी तुकडे केले, बिनवासाच्या पावडरीत धुतले, दोनदा खळबळले. झोपताना डाव्या गालाखाली लाळ साचते म्हणून दुपट्यावर तसाच एक तुकडा घट्ट खोचून अंथरतात आणि भिजला की बदलतात. सुटं काही उशाशी ठेवायचं नाही हे मी दोनदा बजावलं होतं. कानटोपीच्या आत सुती अस्तर लावलं, कारण लोकरीच्या काठाची रेघ गालावर उमटायची. हीटर झोपायच्या आधी अर्धा तास, मग बंद. मांडीवर भिरंडेलाने काही झालं नाही, तेव्हा उजव्या गालाला ते सुरू झालं आणि डाव्याला जेली, म्हणजे आता काकू आणि मी यांच्यात उघड शर्यत आहे. काकू रोज संध्याकाळी येऊन दोन्ही गाल ताडून बघतात. पापुद्रे गेले, चिरा मिटल्या, लाली फिकट झाली. काकूंच्या मते उजवा आधी बरा झाला. अहो, तो मुळात कमी फुटला होता! पण हे त्यांना कोण सांगणार?

मावशींनी पिठाचा डबा परत नेला. आत्याबाईंचा फोन आला होता, ऑलिव्ह ऑइलचा गुण आला का विचारायला. वहिनींनी ‘आला की’ म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. ताईने आत्ताच ठरवलंय, चांदीच्या वाटीतली खीर तोंडाला लागायच्या आधी पोरीच्या हनुवटीला आणि गालांना पातळ थर लावायचा, कारण त्या दिवशी मामापासून सगळे चमचा घेऊन बसणार आणि निम्मी खीर गालावरच सांडणार. पुढे टोमॅटोचं सार, संत्र्याचा रस सुरू झाला की तोंडाभोवती असंच लाल होतं. वहिनींनी आल्यागेल्यांसाठी दारात हात धुवायला पाणी आणि साबणही ठेवायचं म्हटलंय. मुका घ्यायचाच असेल तर पायाचा, असं त्या सांगणार आहेत. सांगतील तेव्हा खरं.

भाऊंचा माल परवा गाडीत भरला गेला. त्याच संध्याकाळी ते न्हाव्याकडे जाऊन गुळगुळीत होऊन आले, सुती उपरणं खांद्यावर टाकलं आणि मोठ्या ऐटीत नातीला घ्यायला हात पुढे केले. चिऊने त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि असं भोकाड पसरलं की मागच्या गल्लीतून काकू धावत आल्या. काही केल्या त्यांच्याकडे जाईना. भाऊ म्हणतात, ही सिस्टरची कामं.